खंडेराव आधी तळहात बघत

उल्हासने गाडी विकायचं ठरवलं आणि नीलाला सांगितलं, की ह्या ट्रॅफिकचा कंटाळा आला. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. आपले हात कामातून गेले, असं त्याला वाटत होतं.

सत्त्याण्णव साल होतं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीतून गुडगावच्या एका नव्या कंपनीत तो रोज गाडीने जायचा. मेट्रो तेव्हा नव्हती, आणि बस बदलत जायचं तर अडीच तास लागत. निजामुद्दीनच्या पुलावर प्रत्येक सांध्याला त्याची छोटी पांढरी गाडी मागून डुलायची. पुढे रस्ता मोकळा झाला, वेग वाढवला, की ती आपल्या मनाने बाजूला सरकायची. एकदा ट्रकच्या इतकी जवळ गेली, की नीलाने पुढच्या सीटवर बसणंच सोडलं. ऑफिसात पोचल्यावर त्याची बोटं थरथरायची. त्याच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, पन्नाशीत. गाडी सुटली तर नोकरी सुटणार, नोकरी सुटली तर चंबूगबाळं आवरून पुण्याला परत.

ऑफिसजवळच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये त्याने चार वेळा चाकांची अलाइनमेंट करून घेतली, टायरही बदलले. मशीनवर दर वेळी सगळं बरोबर. शेवटी तिथला टाय लावलेला माणूस म्हणाला, "सर, गाडी बिल्कुल ठीक है. आप ज़रा आराम से चलाइए." उल्हासने मान डोलावली. त्यालाही तेच वाटत होतं.

"विकायच्या आधी एकदा खंडेरावांना दाखव," असं महाराष्ट्र मंडळाचे दिनकरराव म्हणाले, म्हणून तो गेला.

खंडेराव माण तालुक्यातले. अठराव्या वर्षी फौजेत भरती झाले आणि चोवीस वर्षं, बरीचशी लडाखमध्ये, फौजी ट्रक दुरुस्त करत राहिले. हवालदार होऊन निवृत्त झाल्यावर गावी गेले नाहीत. गावात तेव्हा दोनच जीप होत्या आणि दोन्ही धडधाकट, असं ते सांगत. गुडगावच्या जुन्या रस्त्याला, मोहरीच्या शेताच्या कडेला त्यांनी पत्र्याची शेड टाकली होती. समोर काचेच्या इमारती वर चढत होत्या. शेडच्या कोपऱ्यात त्यांच्या पत्नी द्वारकाबाई स्टोव्हवर चहा करत बसलेल्या असत.

"हात दाखवा," खंडेराव म्हणाले.

उल्हास दचकला. "गाडी बाहेर आहे."

"गाडी कुठं पळत नाही. हात दाखवा."

"भविष्य नाही बघत हो ते," द्वारकाबाई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाल्या. "स्वतःचंच कळलं असतं तर इथं पत्र्याखाली बसले असते का?"

उल्हासने दोन्ही तळहात पुढे केले. खंडेरावांनी अंगठ्याखालचा भाग चाचपला. दोन्ही हातांना घट्टे होते, सारखेच.

"अलाइनमेंट केली असणार. किती वेळा?"

"चार."

"अलाइनमेंट बिघडली, की गाडी एकाच बाजूला ओढते. मग घट्टा एका हाताला जास्त येतो. तुम्ही दोन्हीकडं झगडताय. म्हणजे काहीतरी सुटं झालंय. चलो, बसा."

गाडीकडे ह्या माणसाने अजून वळूनही पाहिलं नव्हतं.

शेडच्या मागे नव्या वसाहतीचे रस्ते आखून तयार होते, घरं मात्र अजून यायची होती. रुंद, सरळ, चिटपाखरू नसलेला रस्ता. खंडेराव मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"चाळीसवर घ्या. आता हात मांडीवर ठेवा."

"काय?"

"मांडीवर. रस्ता आपलाच आहे."

उल्हासने हात काढले.

"अॅक्सिलेटर दाबा."

गाडी डावीकडे सरकली.

"सोडा."

गाडी उजवीकडे आली. पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा सोडायला. दर वेळी तेच.

"हात कुठं आहेत तुमचे?" मागून आवाज आला.

"मांडीवर."

"मग गाडी कुणी वळवली?"

उल्हासने गाडी कडेला घेतली आणि मांडीवरचे हात उलटसुलट करून पाहिले.

शेडमध्ये गाडी उचलून टेकूंवर ठेवल्यावर खंडेरावांनी त्याला खाली वाकायला लावलं. पुढच्या डाव्या चाकाला गाडीशी बांधून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याच्या सांध्यात पहार घालून त्यांनी हलकेच दाबली. दांडा चांगला बोटभर सरकला. सांध्यातलं रबर फाटून चुरा झालं होतं.

"वेग घेतला, की चाक पुढं सरकतं, सोडला, की मागं. मशीनवर गाडी उभी असते. उभ्या गाडीत हे दिसत नाही."

मग गाडी खाली घेऊन त्यांनी मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी वरखाली होतच राहिली. "मागचे शॉक ॲब्सॉर्बरही संपले. ह्या गाडीत माणसं किती बसतात?"

"मी एकटा."

"मग डिकी उघडा."

उल्हास ओशाळला. डिकीत मंडळाची चाळीस लेझीम होती, शिवजयंतीची. शिवाय दोन समया आणि पुण्याहून रेल्वेने आलेल्या गुळाच्या ढेपा, चार घरांच्या. स्टेशनवरून सगळ्यांचं सामान तोच आणायचा. लेझीम ठेवायला कुणाकडेच जागा नव्हती म्हणून तीन वर्षं तीही गाडीतच होती.

"नाही म्हणायला शिकवलं नाही का कुणी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आमच्यात पद्धत नाही," उल्हास म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

चहाचा ग्लास घेताना त्याने हात समोर धरून पाहिला. बोटं अजून थोडी थरथरत होती.

"हे?" त्याने हळूच विचारलं. वडिलांचंही सांगितलं.

खंडेरावांनी चहाचा घोट घेतला. "तासभर रोज कुस्ती खेळल्यावर माझेही थरथरतील. महिनाभर सुधारलेली गाडी चालवा. तरी राहिलं, तर डॉक्टरकडं जा. ते काम माझं नाही."

रबर, दांडा, शॉक ॲब्सॉर्बर बदलले. परतीच्या वाटेवर निजामुद्दीनच्या पुलाचे सांधे एकेक करत चाकांखालून गेले, गाडी एकदाच दबून स्थिर होत राहिली. घरी त्याने नीलाला सगळं सांगितलं, हातांचंसुद्धा. रविवारी बाजारात जाताना ती पुढचं दार उघडून बसली.

महिन्याने तो पुन्हा शेडवर गेला. खंडेराव एका जीपखाली होते. ते बाहेर आले, कापडाला हात पुसले, आणि उल्हासने न सांगताच तळहात पुढे केले. खंडेरावांनी अंगठ्याखाली दाबून पाहिलं. कातडी मऊ पडली होती. बोटं शांत होती.

"गाडी ठीक आहे," ते म्हणाले, आणि परत जीपखाली गेले.