ट्रॉलीतली दुसरी पन्हळ

वसंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नगरपालिकेला गटाराविषयी तिसरे स्मरणपत्र लिहीत होतो. शेजारचे गृहस्थ फाटकातूनच म्हणाले, "नाना, तुमचे वसंतराव गेले." मी मान हलवली आणि हातातला परिच्छेद पूर्ण केला. पत्रावर सही करून, दिनांक घालून मगच उठलो... ही गोष्ट मी सांगितलीच पाहिजे, कारण या लेखात मी स्वतःला कोणतीही सवलत देणार नाही.

आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे मी नाशिकच्या कोर्टात नाझर झालो, वसंताने सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे काम सुरू केले. वकील होण्याची माझी इच्छा राहून गेली हे ठाऊक असूनही, किंवा म्हणूनच, तो मला जन्मभर 'वकीलसाहेब' म्हणाला. मला त्याचा हेवा वाटत असे. सभ्य माणसे मृताविषयी लिहिताना हा शब्द टाळतात. मी टाळत नाही.

साठी उलटल्यावर त्याने एक मोडकी डिझेल व्हॅन विकत घेतली आणि तिच्या पोटात फळ्यांचा पलंग, स्टोव्हचे कपाट, पाण्याची टाकी असा संसार मांडला. एवढ्यावर तो थांबता तर मीही थांबलो असतो. पण व्हॅन गावांच्या बोळांत शिरत नाही म्हणून त्याने मागे जोडायला दोन चाकांची ट्रॉली केली. तिच्यात स्कूटर उभ्या करायला पत्र्याच्या दोन पन्हळी होत्या, आणि स्कूटर जखडायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. व्हॅन गावाबाहेर झाडाखाली उभी करायची, स्कूटर उतरवायची, आणि बायकोला, म्हणजे मालतीवहिनींना, मागे बसवून गावभर हिंडायचे, असा त्याचा बेत. स्कूटर त्याच्याकडे एकच होती. "दुसरी पन्हळ कशाला रे?" असे कोणी विचारले की तो नुसता हसे. मला तो शुद्ध दिखाऊपणा वाटला.

येवल्याहून वहिनी स्वतः मागाशी बसून विणताना पाहिलेली पैठणी घेऊन आल्या. आमची सौभाग्यवती ती हातात घेऊन बराच वेळ काठ पाहत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "ते फिरतात. तुम्ही अर्ज लिहा." त्या आठवड्यात मी खरोखरच अर्ज लिहिला... परिवहन कार्यालयास, 'एक दक्ष नागरिक' या सहीने. मुद्दे चार होते : ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी नाही, तीवर क्रमांकाची पाटी नाही, व्हॅनला जोडण्याचा लोखंडी आकडा तपासून घेतलेला नाही, आणि मागे तांबडा दिवा नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यातले एक अक्षरही चुकीचे नव्हते. आजही नाही.

महिन्याभरात वसंता माझ्या ओसरीवर आला. शर्टावर ठिणग्यांची भोके, हातात नोटीस. "वकीलसाहेब, कुणीतरी आपल्यावर प्रेम केलंय. उत्तर तूच लिही. तुझ्यासारखा मजकूर जिल्ह्यात कोण लिहितो?"

मी लिहिले. जीव ओतून लिहिले! स्वतःच्याच तक्रारीचा मी मुद्द्यागणिक समाचार घेतला, आणि प्रतिपक्ष इतका तयारीचा असल्याने उत्तरही बळकट झाले. वसंता कागद ओठ हलवत वाचू लागला. शेवटाशी थांबला. नोटीस पुन्हा उघडली, मग माझा कागद, मग पुन्हा नोटीस.

"चौथं खोड," तो म्हणाला.

"का?"

"त्यांनी तीनच विचारलेत. दिव्याचं कुठे काही नाही यात."

कार्यालयाने माझा चौथा मुद्दा गाळला होता आणि मी त्याचेही उत्तर दिले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या विसंगती शोधणारा मी, माझ्या ओसरीवर, माझ्याच अक्षरात सापडलो. मी रेघ मारली. तो चहा संपवून उठला, चपला घालताना म्हणाला, "दिवा मात्र लावतो. मुद्दा बरोबर आहे." बस्स, एवढेच. ट्रॉलीची नोंदणी झाली, पाटी लागली, मागे तांबडा दिवाही लागला.

त्याने भांडायला हवे होते. चार शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते. उत्तरे मला येतात. त्याऐवजी दर दिवाळीनंतर तो दाराशी हॉर्न वाजवी. "चढव तुझी स्कूटर, नांदगावकडे चाललोय. वहिनींनाही घे." मी दर वेळी कामे पुढे केली. सौभाग्यवती आतून ऐकत असे आणि पातेली जरा जोरात ठेवत असे. दहा-बारा वर्षे हे चालले, आणि दर वेळी ती दुसरी पन्हळ रिकामीच फाटकासमोरून जाई.

तेराव्यानंतर मालतीवहिनींनी बोलावले. व्हॅनला गिऱ्हाईक आले होते, त्याला ट्रॉली नको होती. "ही तुम्ही न्या, भाऊजी. ते म्हणायचे, अर्धी नानाची आहे." मी म्हटले, असा कोणताही लेख झालेला नाही. त्या म्हणाल्या, "माप तर झालं होतं ना!" तेव्हा आठवले. ट्रॉली करण्याआधी एकदा वसंता माझ्या अंगणात सुतळी घेऊन वाकला होता. माझी स्कूटर जुन्या लांब बांध्याची, त्याच्या स्कूटरपेक्षा वीतभर मोठी. "ब्रेकची तार बघतोय," असे तो म्हणाला होता, आणि मला संशय आला होता की हा माझ्या वस्तूची नक्कल करतो आहे.

दुसरी पन्हळ पहिलीपेक्षा वीतभर लांब आहे. माझी स्कूटर तीत चढवली, पुढचे चाक टोकाच्या आडव्या पट्टीला अलगद टेकले. न वापरलेल्या ट्यूबच्या पट्ट्या आकड्यांवर तशाच गुंडाळलेल्या. हात लावताच तडकल्या.

ट्रॉली आता माझ्या अंगणात आहे. रविवारी मी तांबड्या दिव्याची काच पुसतो. मागाहून येणाऱ्याला दिसावा म्हणून दिवा हवा, हे मीच लिहिले होते... पुसताना अजूनही राग येतो, आणि मोठेपणातसुद्धा हा माणूस माझ्या पुढे गेला याविरुद्ध अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा, ते मला सापडत नाही. काल सौभाग्यवती पायरीवरून म्हणाली, "पुसून झाली असेल तर नव्या पट्ट्या आणा." मी पिशवी घेऊन सायकलवाल्याकडे जुन्या ट्यूब आणायला गेलो.