लेकीच्या अंगणातला तेरडा

बागेत कसं शांत वाटतं, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. मला बागेत कधी शांत वाटलेलं नाही. कळी दिसली की ती उमलते कधी याची घाई, उमलली की गळते कधी याची धास्ती. पेणच्या आमच्या घरापुढे दोन खाटा मावतील एवढंच अंगण, पण सकाळचा चहा मी तिथे उभ्यानेच पिते आणि अर्धा कप कुठल्यातरी कुंडीच्या काठावर विसरते.

गेल्या मार्गशीर्षात मी आईला रोह्याहून इकडे आणलं. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची. भाऊ मला नाही. एका दुपारी ती मागच्या पायरीवरून घसरली आणि शेजारीण सहज डोकावेपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण माझी झोप उडाली ती उडालीच. "पाय बरा होईपर्यंत चल," म्हणून तिला आणलं. आता हिला परत एकटीला पाठवायची नाही, हे माझ्या मनात. पाय टेकता आला की निघायचं, हे तिच्या मनात. बरोबर आणलेली निळी पिशवी तिने रिकामी केलीच नाही. लागेल ते पातळ काढायची, धुवायची, वाळलं की घडी घालून परत पिशवीत. पिशवी खाटेखाली.

"लेकीच्या घरी किती राहायचं गो?" ती म्हणायची. "गौरसुद्धा तिसऱ्या दिवशी निघते."

मी बागेला कामाला लावलं. तेव्हा शेवंती भरात होती. म्हटलं, "शेवंती संपेपर्यंत तरी थांब." थांबली. उन्हाला पाय सोडून बसायची, वेण्या करायची, शेजारच्या बायकांना वाटायची. शेवंती संपत आली तशी मी मोगऱ्याची पानं ओरबाडली आणि म्हटलं, "याला कळ्या धरू देत, मग जा." चैत्रात मोगरा असा सुटला की ओंजळ पुरेना! संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की वास पार स्वयंपाकघरात यायचा. आई वाटीत पाणी घालून त्यात फुलं सोडायची आणि वाटी उशाशी ठेवायची. ते बघून मला वाटायचं, रमली बाई एकदाची. तेवढ्यात ती म्हणायची, "रोह्याचा मोगरा याच्या दुप्पट असतो. हा काय, नखाएवढा." मग मी अनंताकडे बोट दाखवायची, अनंत झाला की जास्वंदीकडे. एका कळीवरून दुसऱ्या कळीवर असं तिला मी पावसाळ्यापर्यंत आणलं. फुलं बघायची सोडून मी पिशवीच बघत होते.

आषाढात तिने स्वतःहून पदराची गाठ सोडली. आत तेरड्याचं बी, रोह्याच्या अंगणातलं. काठी टेकत टेकत तिने ते कुंपणाच्या कडेने टाकलं. रोपं वर आली तशी रोज उठून आधी तिकडे. दाट झालेली उपटायची, गोगलगायी वेचायची, मला हाक मारायची, "गो, बघ तरी, बोटभर झाला." मला हायसं वाटलं. पहिल्यांदाच माझ्या अंगणात तिचं असं काहीतरी होतं.

आणि मग आमच्या ह्यांनी हौस केली. हे धरमतरच्या बाजूचे, खाडीकडचे. त्या माणसांचा मासळीवर भारी विश्वास. माडाला मासळी, भोपळ्याला मासळी, माणसाला तर मासळी हवीच. सुकटीचा भुगा झाडाला घालतात हे खरं, पण सुकट बिनमिठाची वाळवलेली असते. ह्यांनी शिफ्टवरून येताना बाजारातून खाऱ्या माशांच्या टोपलीच्या तळाचा चुरा आणला. त्यात निम्मं मीठ! सासूबाईंना खूश करायला म्हणून एकेका रोपाच्या बुडाशी मूठ मूठ घातला. चार दिवसांत पानं कडेने करपली, मग रोपांनी माना टाकल्या. गल्लीतली मांजरं मात्र आमच्याकडे मुक्कामालाच आली.

"अहो, झाडं काय तुमच्या पंगतीला बसली होती?" मी ओरडले. आणखीही बरंच बोलले, ते इथे नको. बिचारे खाली मान घालून उभे. आई एवढंच म्हणाली, "तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. ह्याला तेवढंपण नाय मिळालं." त्या संध्याकाळी तिने पिशवी ओढून सगळ्या घड्या पुन्हा घातल्या.

गौरी तर तोंडावर आल्या होत्या. आमची गौर तेरड्याची. मुळासकट रोपं उपटून त्यांची जुडी बांधायची, मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. बाजारात जुड्या मिळतात, पण आई म्हणाली, "विकतची गौर? माहेरवाशिणीला कोण बाजारातून आणतं?"

म्हणून मी रोह्याला निघाले. आई म्हणाली, "मीपण येते." मी म्हटलं, "गाडीला गर्दी असंल." तिथे पोचली की ती परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. गाडीत मला बसवेना. रोह्याअलीकडचं निडी स्टेशन गेलं तशी मी उठून दाराशीच उभी राहिले.

बंद घराच्या अंगणात तेरडा कमरेएवढा वाढला होता. गुलाबी, जांभळा, पांढरा. ना कुणी बी टाकलेलं, ना कुणी विरळ केलेलं. आई घसरली त्या पायरीच्या फटीतसुद्धा दोन रोपं ऐटीत उभी. मला इतका राग आला! आम्ही तिकडे जीव काढतोय आणि हा इथे कुणी नसताना फुलतोय. रोपं उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मागे न बघता स्टेशन गाठलं.

आईने मुळांची माती बोटाने चोळून पाहिली, वास घेतला. गौर तिनेच बसवली, निऱ्या तिनेच केल्या. दोन दिवस घरात हसणं-बोलणं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उंबऱ्याशी.

"गौरीबरोबर मीपण निघते," आई म्हणाली. "तू गौर बोळवून आलीस की मला स्टेशनवर सोड. नायतर रिक्षा बोलवीन."

"आई, पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर पडले. माझ्या दारात पडंन."

तळ्याच्या पायऱ्या तिला झेपत नाहीत, म्हणून ती घरीच थांबली. हे गणपती घेऊन पुढे, मी गौर घेऊन मागे. जुडी हाताला हलकी लागत होती, पण माझं लक्ष कुठे होतं? आरती कशीबशी म्हटली, गौर पाण्यात सोडली, घरभर टाकायला रीतीप्रमाणे मूठभर वाळू घेतली आणि ह्यांना मागे ठेवून जवळजवळ पळतच घरी आले.

उंबऱ्याशी पिशवी नव्हती. आई दारात नव्हती. वाळूची मूठ तशीच आवळून मी नाक्यावर धावले. "माझी आई बघितली का हो? हातात निळी पिशवी?" रिक्षावाला म्हणाला, "नाय ताई, आजी इकडं नाय आली." परत येऊन आत बघते तर खाटेवर तिची पातळं नीट रचलेली. काही समजेना. तेवढ्यात घराच्या बाजूला कुंपणाकडून आवाज आला.

"आलीस गो? तांब्याभर पाणी आण."

आई फतकल मारून बसली होती. पुढ्यात निळी पिशवी, गळ्यापर्यंत कुंड्यांतली माती भरलेली, आणि मातीत गौरीच्या जुडीतून मागे काढलेलं एक गुलाबी रोप.

"बी धरायला ठेवलं एक," ती म्हणाली. "पण लावू कुठं? तुझ्या नवऱ्यानं जमीन खारवून ठेवलीय."

एवढ्या पावसात ते मीठ केव्हाच धुऊन गेलं असणार. पण मी विचारलं ते दुसरंच.

"आणि तुझी गाडी?"

"बी नको धरायला? कोण बघणार ह्याच्याकडं, तू? तुला एका जागी बसवतं का?"

मी पाणी आणलं आणि खाली वाकून घातलं. रोप कललं होतं, म्हणून तिने त्याला काठीचा आधार दिला होता. काठीला बांधायला तिने पिशवीचे दोन्ही बंद कापून घेतले होते.