वांग्यावर शिकलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात वांगं देठाला धरून उचलतात. तोडताना तसंच, चुलीवर भाजताना तसंच. या सवयीनं एकदा माझ्या बायकोची भर वर्गात फजिती केली.

मी चौथीत शाळा सोडली. बायको मात्र मास्तरीण. नाशिकच्या कडेला आमचा भाजीचा मळा आणि ओढ्यापलीकडं तिची शाळा. लोक म्हणायचे, ही कसली जोडी. होती आमची.

नवं शतक नुकतंच लागलेलं. शाळेत कॉम्प्युटर आला. हेडमास्तरांनी त्याला मखमलीची झूल शिवली, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला.

मग कळलं, तपासणीचे साहेब येणार आणि शिक्षकानं पोरांना कॉम्प्युटर शिकवून दाखवायचा. शाळेत शिक्षक दोनच. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही तरुण." ती तेव्हा पन्नाशीला टेकलेली.

पिंपळगावला तिचं एका दिवसाचं प्रशिक्षण झालं. मशीन एक, मास्तर खोलीभर.

"काय पाहिलंस?" मी विचारलं.

"पुढच्या गुरुजींचं टक्कल."

सरावासाठी हेडमास्तर किल्ली देईनात. "बिघडलं तर साहेबांना काय दाखवू?"

तिची झोप उडाली. पोरांसमोर हसं होईल, हीच भीती. मग तिनं खडूनं पाटावर अक्षरांची बटणं काढली आणि माझ्या भाजीच्या पाटीतलं एक वांगं घेतलं. ते माउस. देठ मनगटाकडं, आमच्या रीतीप्रमाणं.

"अहो, तुम्ही बाण व्हा," म्हणाली.

ती वांगं सरकवायची, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट सरकवायचो.

"वर. वर म्हणजे वर. झोपलात का?"

"बाणाला चहा नाय का?"

"बाण बोलत नसतो."

वांगं सुरकुतलं की दुसरं घ्यायचं. पुढं पुढं माझं बोट असं पळायला लागलं की तिला वाटलं, जमलं.

साहेब आले त्या दिवशी मी झेंडूचा हार घेऊन दारात उभा. झूल निघाली. तिनं माउस धरला, वायरची शेपटी देठासारखी मनगटाकडं. वर ढकलला तर बाण खाली. डावीकडं नेला तर उजवीकडं. पोरं खिदळली.

साहेब म्हणाले, "बाई, प्रशिक्षण झालंय ना तुमचं?"

"झालंय साहेब. वांग्यावर." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, टक्कल, करदोटा, पाट. मग माझ्याकडं बोट केलं. "घरचा बाण माझं ऐकतो."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, हाराकडं पाहिलं, आणि हसू काही त्यांना आवरेना. त्यांनी माउस फिरवून तिच्या हाताखाली दिला. हेडमास्तरांना म्हणाले, "किल्ली आजपासून बाईंकडे." हेडमास्तरांना भिंतीकडं तोंड करून ती सोडावी लागली.

उरलेल्या वांग्याचं त्या संध्याकाळी भरीत झालं.

पुढं शाळेत नवा मास्तर आला की ती आधी त्याला मशीनपुढं बसवायची आणि माउस हातात द्यायची. मशीन वाटणाऱ्यांनी ते आधी मास्तरांच्या हाताला लागू द्यावं, एवढी अक्कल चौथीत शाळा सोडलेल्या मलाही होती.

आता ती नाही. भरीत मीच करतो, वाईट होतं. वांगं भाजता भाजता कधी बोट भिंतीवरच्या कॅलेंडरवर जातं आणि तिथंच थांबतं. वर न्यायचं का खाली, सांगणारं कोणी नाही.