पत्रे बदलायचे होते

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गावात रोज सकाळी माझा आवाज फिरायचा. मी ग्रामपंचायतीत लिपिक. साथ असेपर्यंत भाडेकरूंना घराबाहेर काढू नये, असं वरून आलं होतं. मी त्याचा मजकूर केला, मोबाइलवर वाचला आणि घंटागाडीच्या भोंग्याला लावला. "कोणत्याही घरमालकाने भाडेकरूस घर सोडण्यास भाग पाडू नये. तसे आढळल्यास कारवाई करण्यात येईल." 'कारवाई'वर मी मुद्दाम जोर दिला होता. लोकांनी आवाजाचं कौतुक केलं. मलाही तो आवडायचा, खोटं कशाला सांगू?

गाव कुरकुंभच्या अलीकडचं. कंपन्या आल्यापासून ज्याच्या त्याच्या परसात दोन-चार पत्र्याच्या खोल्या. आमच्याही तीन. मधल्या खोलीत दहा वर्षं एक मुसलमान जोडपं राहत होतं, मूळचं न्हावऱ्याकडचं. नवरा औषधाच्या कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. मी त्यांना भाई म्हणायचो, बायकोला भाभी. आई गेली तेव्हा आमच्या घरात पिठलं-भाकरी पहिल्यांदा आणली ती भाभींनी. ती भाकरी हातात धरून माझे वडील रडले होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही.

मग भाईंच्या शिफ्टमधला एक जण पॉझिटिव्ह निघाला. भाई ठणठणीत होते, तरी आरोग्य खात्याच्या लोकांनी त्यांच्या हातावर शिक्का मारला. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. ठेकेदारानं फोनवर बजावलं, पंधराव्या दिवशी गेटवर दिसलात तर काम, नाहीतर दुसरा माणूस घेतो. एसटी बंद होती, रस्त्यावर पोलीस होते, न्हावऱ्याहून रोज येणं शक्यच नव्हतं. खोली राहिली तर नोकरी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "मागचं पत्रं बदलायचंत."

आमच्याकडं भाडेकरूला कुणी तोंडानं 'जा' म्हणत नाही. ते बरं दिसत नाही. मालक डागडुजी काढतो. भाडेकरू समजायचं ते समजतो, आणि दोन्हीकडून बोलणं गोडच राहतं. आम्हाला या रीतीचा अभिमान आहे.

"आबा, आदेश हाय. मीच वाचलाय," मी म्हणालो.

"मग? मी कुठं काढतोय त्यांला? ऱ्हावा की म्हणावं खुशाल. मी पत्रं काढतोय." आणि मी न विचारताच म्हणाले, "आन् मुसलमान हायेत म्हणून न्हाई हं. आपल्या मनात तसलं काय न्हाई. घरात लेकरू हाय, त्याचा इचार नको?"

लेकरू माझंच होतं, चार वर्षांची मुलगी. मीही घाबरलो होतो. आणि खरं सांगायचं तर आबा वाईटपणा घेतायत, याचं मला बरंच वाटलं. लाज नंतर वाटली. लाजेला कधीच घाई नसते.

शिडी मी धरली. आबा वर चढले आणि पान्यानं गंजलेले नट सोडू लागले. भाई-भाभी आत भांडी, धान्याचा डबा, गादी एका कोपऱ्यात सरकवत होते. रोजे चालू होते. तिसरा पत्रा उतरवताना घंटागाडी दारात आली आणि माझा आवाज म्हणाला, कारवाई करण्यात येईल. लोका सांगे ब्रह्मज्ञान! भाईंनी वर उघड्या आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी शिडी आणखी घट्ट धरली.

शिक्का म्हणत होता घरातच राहा, आणि घराला छप्पर नव्हतं. दोन दिवस त्यांनी चादर ताणून काढले. दुपारी त्या चादरीखाली बसून बघा, म्हणजे कळेल. तिसऱ्या दिवशी भाईंनी दारातूनच माझ्याकडं एक अर्ज दिला. अक्षर सुरेख. आबांबद्दल वावगा शब्द नाही. 'काढलेले पत्रे परत टाकून दुरुस्ती पंधरा दिवस पुढे ढकलावी, ही विनंती.'

"हे पंचायतीत घ्या," भाई म्हणाले. "घरातलं म्हणून न्हाई मागत. तुम्ही रोज सांगताय, म्हणून मागतोय."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "भाई, तुम्हाला काढलं कुठंय? दुरुस्ती चाललीय. दुरुस्तीबद्दल आदेशात काही नाही."

भाई मग म्हणाले, "व्हय. न्हाई खरं."

त्यांनी अर्ज परत घेतला. न्हावऱ्याला भावाच्या गोठ्यात जायचं ठरलं. वाटेत पोलीस अडवतील म्हणून पंचायतीचं पत्र हवं होतं. ते मीच टाइप केलं, ग्रामसेवकांची सही आणून दिली. 'सदर कुटुंब विलगीकरणासाठी स्वखुशीने मूळ गावी जात आहे.' स्वखुशीने हा शब्द कुणी सांगितला नव्हता. तो माझा.

पंधराव्या दिवशी भाई गेटवर पोचू शकले नाहीत. ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला. त्याच आठवड्यात आबांनी तेच पत्रे परत ठोकले, नट तेवढे नवे. महिनाअखेरीला दौंडच्या कचेरीनं माहिती मागवली: गावात किती भाडेकरूंना बाहेर काढलं? मी लिहिलं, 'निरंक'. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं, आणि आज त्याचाच संताप येतो.

गेल्या वर्षी शिरूरच्या स्टँडवर भाभी भेटल्या. भाई आता भावाच्या गायींचं बघतात म्हणाल्या. मुलगी कितवीत, आबांचे गुडघे कसे, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "पत्रं झालं का मग बदलून?"

"झाले," मी म्हणालो.

"बरं झालं बाई. चुलीपाशी लई गळायचं. आबांना वाईट वाटंल म्हणून आमी कवा बोललो न्हाई."

तिथं अजूनही गळतं.