लाकूड की खेचर

मामा आधी स्वतःची मान ओली करायचे. बाटलीतलं चमचाभर पाणी मानेवर चोळून वारा कुठून येतो ते बघायचे, मग माझ्या पिशवीतली एक काठी अर्धी वर काढून म्हणायचे, "ही घ्या, साहेब."

बाळकुमच्या पुढे, खाडीच्या बाजूला आमच्या कंपनीचं नऊ खड्ड्यांचं छोटं गोल्फचं मैदान होतं. मामा तिथे खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलायचे. त्याआधी त्यांचं निम्मं आयुष्य मिठागरात गेलं होतं. मी जिंकलो की घरी जाऊन सांगायचे, "आज आमी जिंकलो." अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

मी आकड्यांचा माणूस. कोणत्या काठीने चेंडू किती यार्ड जातो, हे मी वहीत लिहून ठेवायचो. लांबच्या फटक्याला मामांचा भरवसा फेअरवे वूड नावाच्या लांब काठीवर. तिचं डोकं कधीच धातूचं झालं होतं, तरी ते तिला लाकूडच म्हणत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका सहकाऱ्याने मला जपानहून हायब्रिड आणून दिली. लोखंडी काठी आणि लाकूड यांच्या मधली. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"खेचर हाय हे."

"म्हणजे वाईट?"

"वाईट कशाला? उंच गवतातनं चेंडू काढंल. पन समोरच्या वाऱ्यात धावायचं नाय."

त्या वर्षीच्या सामन्यात मोठे साहेब माझे जोडीदार होते. शेवटच्या खड्ड्याआधी पाणी होतं, पलीकडे जायला एकशे साठ यार्ड. चेंडू कापलेल्या गवतावर स्वच्छ बसलेला. मामांनी मान ओली केली आणि लाकूड वर काढलं.

"वारा तोंडावर हाय, साहेब."

वहीत हायब्रिडची सरासरी एकशे सत्तर होती. मी म्हणालो, "खेचर द्या." त्यांनी लाकूड परत ठेवून ती दिली. चेंडू छान उंच गेला, वाऱ्यात थबकला आणि पाण्यात पडला. वहीतले सगळे आकडे मी बिनवाऱ्याच्या सकाळी घेतले होते.

आमच्याकडे रीत अशी की काठी चुकली तर दोष पिशवीवाल्याचा.

"ही काठी कोणी दिली?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मी हातमोजा काढत राहिलो.

"मीच दिली, साहेब," मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सोमवारपासून त्यांना गवत कापायला लावलं. "मागितली मी होती," एवढे तीन शब्द सांगायला मी साहेबांच्या खोलीपर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते मोकळे होते, आणि मी सुट्टीच्या अर्जावर सही घेऊन परतलो.

पुढे एका रविवारी त्याच पाण्यापाशी चेंडू थांबला. नवा पिशवीवाला गोंधळला होता. बाजूला मामा गवत कापायचं यंत्र बंद करून, मी फटका मारण्याची वाट बघत उभे होते. मी हाक मारली, "मामा, कोणती घेऊ?"

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले.

"साहेबांनी ठरवावं," ते म्हणाले, आणि खाली बघत उभे राहिले.

त्या दिवाळीनंतर ते कामावर आले नाहीत.