आधी पाणी, मग नाव

मकसूदभाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते आकाशात होते आणि मी जमिनीवर. मुरुडच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या उंच टोकावरून, ते वटवाघळासारखे उलटे लोंबकळत होते. पाय वर कुठेतरी अडकवलेले, एक ब्रश दातात, एक हातात आणि रंगाचा डबा कोपरावर. मी खालून आपला सरळ चाललो होतो. तेवढ्यात डबा कलंडला आणि माझ्या टकलावर अख्खा अरबी समुद्र उतरला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर वरून हुकूम आला, "शेट, हलू नका! शेवटचा डबा आहे!" मग हा माणूस खाली उतरला, त्याने माझ्या डोक्यावरचा रंग ब्रशाने नीट गोळा केला, पुन्हा वर चढला आणि 'येसूबाई प्रसन्न'मधला शेवटचा 'न्न' पुरा केला. उरलेला निळा रंग कित्येक महिने गेला नाही. माझ्या लॉजवर उतरलेली लहान मुलं मला बघूनच "समुद्र दिसला!" म्हणून नाचायची.

तर असे हे मकसूदभाई. होड्या रंगवणं आणि होड्यांवर नावं घालणं हा त्यांचा जन्माचा धंदा. किनाऱ्यावरच्या सगळ्या आया, मुली, देव आणि पीर त्यांच्या हातून होड्यांवर चढले. आपल्या बायकोचं नाव मात्र कधीच नाही, कारण स्वतःची होडी कधी झालीच नाही. लग्नात त्यांनी अतियाभाभींना कबूल केलं होतं की माझी पहिली होडी तुझ्या नावाची. भाभींनी ही गोष्ट विसरायची तयारी कधीच दाखवली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्या म्हणायच्या, "अतिया नावाची होडी मीठ घेऊन येतेय, थांबा जरा."

नावाच्या बाबतीत मकसूदभाईंचा एक नियम होता: आधी पाणी, मग नाव. पाण्याला न लागलेल्या होडीवर ते अक्षर काढत नसत. मालक कितीही मोठा असो, होडी एकदा तरंगवून आणा म्हणत.

आता फायबरच्या होड्या कारखान्यातूनच रंगून येतात, नावाचे स्टिकर अलिबागला छापून मिळतात. मकसूदभाई रिकामे बसले. बाप नुसता बसून राहतो हे कुवेतमधल्या नदीमला, त्यांच्या मुलाला, फोनवर कळायचं. त्याने कोणाबरोबर तरी एक खोका पाठवला. वर चित्र: तीन डोलकाठ्यांचं, तोफांच्या रांगा असलेलं जुनं इंग्रजी लढाऊ जहाज, 'व्हिक्टरी'. आत प्लास्टिकचे सुटे भाग, मोजता येणार नाहीत इतके.

खोका घेऊन ते थेट माझ्या लॉजवर आले. चेहरा निकाह ठरल्यासारखा.

"दत्ताशेट, माझं जहाज आलं."

"मकसूदभाई, हे शोभेचं आहे. कपाटात ठेवायचं."

"माझं आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर. अतियाचं नाव घालतो."

तिथून माझ्या डोक्याचा जो गोंधळ सुरू झाला तो अजून निस्तरलेला नाही. जोडणीचा कागद होता, पण त्यावर शब्द नव्हते. नुसते बाण. एक बाण जहाजाच्या पोटात शिरायचा आणि पाठीतून दुसराच होऊन बाहेर पडायचा. मी कागद सरळ धरला, उलटा धरला, खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही बाजू मला डाव्याच वाटत होत्या. मकसूदभाईंनी कागद घडी करून टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवला आणि म्हणाले, "जहाज आहे. जाऊन जाऊन कुठे जाईल?"

जहाज झालं. कसं झालं ते विचारू नका. मूठभर भाग उरले. मी घाबरून विचारलं, "हे कुठले?" ते म्हणाले, "जादा." खोक्यात 'व्हिक्टरी' लिहिलेला एक छोटा स्टिकरही होता. तो त्यांनी चिमटीत धरून माझ्या हातात दिला, दुसऱ्याची चप्पल चुकून आपल्या घरी आल्यासारखा.

मग रंग. चित्रात काळे-पिवळे पट्टे होते. मकसूदभाईंनी वर हिरवा, मध्ये निळा, खाली लाल दिला, म्हणजे मुरुडची कुठलीही मच्छीमार होडी, फक्त तोफा लावलेली. रंग होडीचाच आणि तो पातळ करायला होडीचाच थिनर. लाकडाला तो चालतो, प्लास्टिकला मात्र तो खातो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. नाळेवर मुकुट धरलेली दोन गुबगुबीत मुलं होती. सकाळी बघतो तर दोघांची मिळून एक सरंगा मासळी झालेली. त्यांच्या वरची पुढची तिरकी काठीही जरा नरमलेली दिसत होती. "सुकली की कडक होईल," मकसूदभाई म्हणाले.

आता नियमाप्रमाणे पाणी. त्यांच्या अंगणात एक निळा ड्रम आहे. तो त्यांना पूर्वी समुद्रात वाहत येताना सापडला होता. मूळ मालक मागायला आला तेव्हा मकसूदभाईंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "दर्यात सापडलं ते सापडणाऱ्याचं. तुला माझं काही सापडलं तर मीही मागणार नाही." त्या ड्रमात जहाज सोडलं, तर ते लगेच आडवं झालं आणि शांत पडून राहिलं, दुपारी जेवून पडल्यासारखं. मकसूदभाईंनी मधली फळी उचकटून पोटात जाळ्याला बांधायची जड शिशं भरली. जहाज उभं राहिलं! मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी ब्रश उचलला.

ओट्यावरून अतियाभाभी म्हणाल्या, "ड्रमात काय, माझं पातेलंपण तरंगतं. माझं नाव पातेल्यावर घालणार का?"

ब्रश खाली आला. "मग?"

"होड्या कुठे सोडता तुम्ही लोकांच्या? तिथे सोडा."

त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटला होता. संध्याकाळी आम्ही बंदरावर गेलो. भाभीही आल्या, इस्त्रीची ओढणी घेऊन. त्या थट्टाच करत होत्या की खरंच आल्या होत्या, ते मला आजही कळलेलं नाही. मकसूदभाईंनी पुढच्या तिरक्या काठीला मासे धरायची तंगूस पक्क्या गाठीने बांधली आणि जहाज पाण्यात ठेवलं. ओहोटी होती. मागून वारा आला. प्लास्टिकची शिडं हलत नाहीत, पण वाऱ्याला ते कोण सांगणार? जहाज निघालं.

"बघ, अतिया! चाललं!"

भाभींनी डोक्यावरची ओढणी नीट केली. "चाललं खरं," त्या हळूच म्हणाल्या.

मकसूदभाईंनी दोरा ओढला. हातात दोरा आला, दोऱ्याला काठी आली. गाठ पक्की होती. काठीच जहाजातून उपटून आली होती. जहाज बिनकाठीचं, बिननावाचं पुढे जात राहिलं. मी ओरडत चपलांसकट चिखलात धावलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. सगळ्या होड्या ओहोटीत कलंडून पडलेल्या, एकही हलण्यासारखी नाही. मी आधी कोणाला वाचवायचं, जहाजाला की मला, याचाच निर्णय होईना.

"ओरडू नका, दत्ताशेट," भाभी म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत पाण्यात तरी गेली."

त्यानंतर मकसूदभाई रोज बंदरावर जाऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, हवा खातोय.

काही दिवसांनी आगरदांड्याचे चंदर नाखवा पिशवी घेऊन त्यांच्या अंगणात आले. मी तिथेच होतो. पिशवीतून त्यांनी जहाज काढलं. हिरवं, निळं, लाल, नाळेवर सरंगा.

"जाल्यात गावलं. दर्यानं दिलंय," नाखवा खुशीत म्हणाले. "नातीला देतो. नाव घालून द्या, मकसूदभाय. हेमाली."

मी बोलायला तोंड उघडलं. मकसूदभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, निळ्या ड्रमाकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"पाण्यात उतरलंय ना?" त्यांनी विचारलं.

"आता काय सांगू! पान्यातच गावलं न्हाय काय!"

मकसूदभाईंनी ब्रश धुतला, पुसला आणि पांढऱ्या रंगात बुडवला. अतियाभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होतो, कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. भाभी एवढंच म्हणाल्या, "अक्षर मोठं काढा. लांबून दिसायला पाहिजे."

जहाज आता आगरदांड्याला, चंदर नाखव्यांच्या टीव्हीवर आहे. त्यावर 'हेमाली' लिहिलेलं आहे.