मध्ये माणूस नको

विश्वास गेल्याचं मला फोनवर कळलं. धाकट्या भावाची मला फोनवर मिळालेली ही बहुधा एकमेव खरी बातमी. उभी नोकरी मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली, आधी भडगावला आणि मग जळगावला. कानावर हेडफोन चढवून कितीतरी माणसांची एकमेकांशी गाठ घालून दिली, पण सख्ख्या भावाशी फोनवर कधी एक शब्द बोलता आला नाही. चौथ्या वर्षी त्याला मोठा ताप आला आणि उतरताना तो कान घेऊन गेला. मी जळगावहून धुळ्याला घरी फोन करायचे तेव्हा आई सांगायची, "तो बरा आहे, मजेत आहे." तो बरा असो वा नसो, मजेत असो वा कुणाशी भांडून बसलेला असो, आईचं वाक्य ठरलेलं. त्याला विचारून ती कधीच सांगत नसे...

धुळ्याला पोचले तेव्हा दारावर माणसं बसली होती. पुढचे दहा दिवस येतच राहिली, आणि आलेल्या प्रत्येकाच्या तोंडात एकच शब्द होता, बिचारा. बिचारा मुका, सुटला बिचारा, देवाने फार परीक्षा पाहिली बिचाऱ्याची. सुतकात भांडू नये म्हणतात, म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसले. आता दीड महिना झालाय आणि मला बोलायचंय. माझा भाऊ बिचारा नव्हता. तो हट्टी होता, फटकळ होता, त्याचं अक्षर नजर लागावी असं होतं, आणि तो मुका तर मुळीच नव्हता. चिडला की तो जे आवाज काढायचा ते गल्लीच्या टोकापर्यंत जात. फक्त ते त्याला एकट्याला ऐकू येत नसत, आणि त्याची पर्वाही नसे.

आमच्या घरात त्याने प्रत्येकासाठी एकेक खूण केली होती. आईसाठी कपाळाला बोट, माझ्यासाठी एका कानावर तळवा. बाकी सगळं तो वहीत लिहून बोलायचा. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाला आणि एका कंत्राटदाराकडे लागला. तिथे सात-आठ वर्षं त्याने शाळांचे, गोदामांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढले आणि एकाही नकाशाखाली त्याचं नाव आलं नाही. सही साहेबांच्या मेहुण्याची. कारण काय, तर गिऱ्हाइकाने काही विचारलं तर बोलायला माणूस हवा. एके दिवशी विश्वासने नकाशाखाली स्वतःचं नाव घातलं, तसाच नकाशा गिऱ्हाइकाच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि घरी आला. नोकरी अर्थातच गेली. त्याने वहीत मला लिहिलं, "मध्ये माणूस नको." हे तीन शब्द मी पुढे इतक्या वेळा वाचले की त्यांचा कंटाळा यावा. पण आला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका ओळखीच्याने टाकायला काढलेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला. त्यावरचं विंडोज रोज मान टाकायचं आणि मग कॉम्प्युटरवाल्याला बोलवावं लागायचं. तो यायचा, विश्वासकडे पाठ करायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या आईला बिघाड समजावून सांगायचा. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी ती मान डोलवायची. महिनाभर हे सहन केल्यावर विश्वासने एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी घातली आणि जुनं सगळं पुसून टाकलं. मी विचारलं, हे कशाला? त्याने लिहिलं, "हे बिघडलं तर काय बिघडलं ते मलाच लिहून सांगतं." खरंच, काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी उमटायच्या आणि हा त्या वाचत बसायचा. शब्दकोश मांडीवर. त्याच्या आयुष्यात त्याच्याशी सरळ बोलणारं ते पहिलंच कुणीतरी होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि जरा लाजही वाटली.

त्याच सुमारास मी त्याला जळगावात एका इंजिनिअरकडे नेलं. केळीच्या शेतांसाठी ठिबकचे आराखडे करून घेणारं ऑफिस होतं. इंजिनिअरने नकाशे पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले आणि मला म्हणाले, "काम उत्तम आहे हो. पण शेतावरचं माप बदललं की लगेच कळवावं लागतं. मी फोन कुणाला करायचा?" विश्वासने टेबलावर बोटाने टकटक केलं. ते त्याच्याकडे वळेपर्यंत करत राहिला. मग लिहिलं, "मला कळवा. ई-मेलवर." ते म्हणाले, "आहे का तुमच्याकडे?" त्याने लिहिलं, "पंधरा दिवसांत." इंजिनिअर सरळ माणूस होता. त्यांनी त्याच कागदावर लिहून दिलं की पंधरा दिवसांत मेल आली तर काम तुमचं, नाहीतर फोन घेणारा माणूस द्या. मध्ये बसायला आमचे काका, म्हणजे नाना, एका पायावर तयार होते. शिंदखेड्याहून मुद्दाम आले आणि म्हणाले, "त्याले फोन काय समजस? मी शे ना. त्यानाकरता मी बोलसू." नानांचं मन वाईट नव्हतं. पण ते एकदा मध्ये बसले असते तर कधीच उठले नसते, हे विश्वासला ठाऊक होतं आणि मलाही.

इंटरनेटचं खातं घेतलं, फोनच्या तारेला मोडेम जोडला, आणि ते काही केल्या लागेना. पडद्यावर दर वेळी एकच उत्तर, 'नो कॅरिअर'. म्हणजे पलीकडून कुणी बोलतच नाही. विश्वासने केबल बदलली, मोडेम पहिल्या पोर्टवरून दुसऱ्यावर नेला, वेग कमी केला, पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासला. प्रत्येक प्रयोग वहीत तारखेसकट, पुढे निकाल, आणि निकालाच्या रकान्यात खालपर्यंत नो कॅरिअर. कॉम्प्युटरवाला येऊन बघून गेला. "लिनक्सवर नेट लागतच नाही," तो आईला म्हणाला, "तासाभरात विंडोज टाकून देतो. माझ्या दुकानात बघा कसं लागतं." विश्वासने त्याच्या तोंडासमोर वही धरली. "माझं काही पुसायचं नाही."

तेराव्या दिवशी, शनिवारी, मी सुट्टी काढून धुळ्याला गेले. सोमवारी मुदत संपत होती. विश्वासची दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि नाना ओट्यावर पान लावत बसलेले. रविवारी सकाळी त्याने माझ्यासमोर पुन्हा एकदा जोडणी सुरू केली. मोडेमवरचे लाल दिवे लागले, मिनिटभर वाट बघितली, दिवे विझले. नाना दारातून म्हणाले, "इतला दिन व्हयनात, बठ्ठा खटाटोप वाया. मुकानं यंत्र बी मुकंच शे."

नानांना उत्तर द्यायचं सोडून मी मोडेमला कान लावला. ते खरं होतं. यंत्राचा आवाज येत नव्हता. जळगावला आमच्या ऑफिससमोरच्या दुकानात मोडेम लागताना केवढा किंचाळायचा, रस्त्यावर ऐकू यायचा. हा तर पुटपुटतही नव्हता. मी विश्वासला विचारलं, याचा आवाज कुठे गेला? त्याने मला अगदी शांतपणे मोडेमचं पुस्तक उघडून दाखवलं. एम शून्य म्हणजे आवाज बंद, एम एक म्हणजे जोडणी होईपर्यंत चालू. पहिल्याच दिवशी त्याने शून्य घातला होता. खाली लिहिलं, "आवाजाचा मला काय उपयोग?"

मी हसायला लागले ती थांबेचना. तोही हसला, पण का ते त्याला कळलं नव्हतं. मला माझंच हसू येत होतं. त्याने त्याच्या हिशेबाने बरोबर केलं होतं. आई, नाना, तो कॉम्प्युटरवाला, आम्ही सगळे धडधाकट कानांचे, या दिवसांत त्या पेटीभोवती वावरलो आणि एकाच्याही लक्षात आलं नाही की ती बोलत नाहीये. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याजवळ गेलं की आपणही ऐकायचं सोडून देतो. पाहत राहतो नुसते, कीव करत.

त्याने शून्याचा एक केला. नंबर फिरला. आधी डायल टोन आली, माझी रोजची सोबतीण. मग टींव टांव करत मोडेमने आकडे म्हटले. आकडे संपले तरी मागे डायल टोन तशीच गुणगुणत होती... टेलिफोनच्या स्विचबोर्डावर बसलेल्या कुणालाही हे कळेल. डायल टोन चालू आहे तोवर एक्सचेंजने एकही आकडा घेतलेला नसतो. पलीकडे कुणी बोलत नव्हतं कारण पलीकडे कुणाला हाक गेलीच नव्हती. आमच्या भागातल्या लायनी अजून जुन्या होत्या, त्यांना टकटक मोजता यायची, सूर कळत नसत. कॉम्प्युटरवाल्याचं दुकान नव्या लायनींवर होतं, एवढाच त्याच्या विंडोजचा पराक्रम. मी हे सगळं भराभर वहीत लिहिलं. विश्वासने दोनदा वाचलं, पुस्तकाच्या पानावरून बोट खाली नेलं आणि फाइलमधलं एकच अक्षर बदललं, टीच्या जागी पी, म्हणजे सुरांऐवजी टकटक.

मोडेम टकटक करायला लागला. मी एकेक आकडा मोजून त्याला बोटांवर दाखवू लागले. दोन आकडे झाले असतील, विश्वासने माझा हात बाजूला सारला. त्याचा तळवा मोडेमच्या पेटीवर होता. आतली टकटक त्याला हाताला लागत होती. उरलेले आकडे त्याने स्वतः मोजले, ओठ हलवत, आणि वहीतल्या नंबराशी पडताळले. मला क्षणभर राग आला. कसला ते कळायला घटकाभर लागली. मी आले होते त्याचे कान व्हायला, आणि दोन आकड्यांतच माझी गरज संपली होती. मध्ये माणूस नको म्हणजे बहीणसुद्धा नको. मग पलीकडून ती शीळ आली, मी दचकले, आणि पडद्यावर कनेक्ट उमटलं. नाना पान तोंडात तसंच धरून आत आले.

इंजिनिअरला त्याने पाठवलेली पहिली मेल मला पाठ आहे. "मी विश्वास. कान नाहीत. डोळे उत्तम. माप पाठवा." सोमवारी दुपारी उत्तर आलं, त्यात केळीच्या एका शेताची मापं होती आणि दुसरं काही नव्हतं. ना शाबासकी, ना देवाची लीला. विश्वासला तेच सगळ्यात आवडलं. पुढे त्या कामातून कामं निघत गेली, कॉम्प्युटर बदलले, मोडेम अडगळीत गेला. पण पुढच्या गिऱ्हाइकांना त्याने कान नसल्याचं कधी लिहिलं नाही. मी एकदा विचारलं, तर त्याने लिहिलं, "त्यांनी विचारलं नाही." आणि प्रत्येक नकाशाखाली, उजव्या कोपऱ्यात, पूर्ण नाव. त्यात आईचंही नाव.

गेल्या आठवड्यात भडगावकडचे दोघे केळीवाले भाऊ दारावर आले. उशिरा कळलं म्हणाले. त्यांच्या शेतांचे आराखडे विश्वासने वर्षानुवर्षं केले होते, सगळं मेलवरून, गाठ कधी पडली नव्हती. मी त्यांना त्याच्या खोलीत नेलं. टेबल त्याने ठेवलं तसंच आहे, खिडकीकडे तोंड करून, पट्ट्या लांबीप्रमाणे लावलेल्या, शिसपेन्सिलींची टोकं एका बाजूला. थोरल्याने एक पट्टी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाला, "अक्का, राग नका मानू. माणूस गुणी, पण भारी माजोरी. फोन केला की उचलायचे नाहीत. मेलवर उत्तर यायचं, फोन करू नये, लिहावे. आम्ही घरी म्हणायचो, एवढा कसला माज शे या माणसाले?"

मी त्यांना खरं सांगितलं. धाकट्याने डोक्यावरची टोपी काढली, थोरल्याचा चेहरा उतरला आणि तो हळू आवाजात म्हणाला, "अरेरे... आम्हाला काय माहीत. बिचारे..."

"थांबा," मी म्हटलं, "आधी म्हणालात तेच राहू द्या."